दप्तरी नाव

दसरा सरला की केज, धारूर, पाटोदा या बालाघाटाच्या मुलखातून ऊसतोडीची बिऱ्हाडे कारखान्यांच्या वाटेला लागतात, आणि त्यांची गणती मुकादमाच्या वहीत माणशी होत नाही, कोयत्याने होते. नवरा-बायको मिळून एक कोयता. बाई ऊस तोडते, मोळी बांधते, ती डोक्यावर वाहून गाडीवर चढवते, कोपीवर परतल्यावर भाकरी थापते, पोर पाजते; परंतु उचल नवऱ्याच्या नावावर पडते आणि बाई वहीत अर्ध्या कोयत्याहून अधिक कधी होत नाही. गावी असलेल्या दोन-चार एकरांच्या सातबाऱ्यावर तर बहुधा तिचे तेवढेही अस्तित्व नसते. याच मुलखात अध्यापन, संसार आणि लोकसेवा यांत भेद न मानता ज्यांनी आपले आयुष्य घालविले, त्या शैला लोहिया यांच्या जीवनाचा मागोवा घेताना हा वहीतला अर्धा कोयता माझ्या दृष्टीपुढून हलत नाही.

त्यांचा जन्म ६ एप्रिल १९४० रोजी धुळ्याला, स्वातंत्र्यचळवळीत मुरलेल्या परांजपे कुटुंबात झाला. त्या काळी आमचा केज-अंबाजोगाईचा प्रदेश निजामाच्या अमलाखाली होता. अंबाजोगाईचे दप्तरी नाव मोमिनाबाद, कचेरीची भाषा उर्दू, आणि तेथील योगेश्वरी शाळेचे मुख्याध्यापक स्वामी रामानंद तीर्थ शाळा सोडून संस्थानातील सत्याग्रहात उतरल्याला पुरती दोन वर्षेही झाली नव्हती. खानदेशात राष्ट्र सेवा दलाच्या संस्कारांत वाढलेली ही मुलगी पुढे डॉ. द्वारकादास लोहिया यांच्याशी विवाह करून या गावी आली, म्हणजे एका मराठी घरातून एका मारवाडी घरात आली, आणि मुकुंदराज-दासोपंतांच्या या गावातील महाविद्यालयात मराठी शिकवू लागली. (दासोपंतांनी लांबलचक कापडावर ग्रंथ लिहून ठेवला, ती पासोडी आम्ही पाहुण्यांना मोठ्या अभिमानाने सांगतो, पासोडी विणणाऱ्याचे नाव मात्र आम्हांपैकी कोणी विचारल्याचे मला स्मरत नाही.)

१९८२ साली लोहिया दांपत्याच्या पुढाकाराने ‘मानवलोक’ ही संस्था उभी राहिली आणि १९८४ मध्ये तिच्याच अंगाने ‘मनस्विनी’ हा स्त्रियांचा प्रकल्प. एकीकडे पाणी अडविण्याची, शेती सावरण्याची कामे, आणि दुसरीकडे नवऱ्याने टाकलेल्या, माहेरी ओझे झालेल्या, सासरी मार खाणाऱ्या स्त्रियांची दाद, असा हा दुहेरी संसार होता. परित्यक्तेचे दुःख आपल्या साहित्यात पुष्कळ आळविले गेले आहे. परंतु तिला प्रत्यक्षात लागते ते रात्रीपुरते छप्पर, बरोबर ठाण्यात येणारे माणूस आणि अर्ज लिहून देणारा हात. शिक्षिकेला अर्ज लिहिण्याची लाज नसते, हा शिक्षकी पेशाचा एक मोठा गुण आहे, आणि तो समाजकार्यास वक्तृत्वाहून अधिक उपयोगी पडतो, असे माझे मत आहे.

शैलाबाईंनी कथा-कवितांच्या बरोबरीने ‘भूमी आणि स्त्री’ हे पुस्तक लिहिले. मला त्यांच्या सर्व कार्याची किल्ली त्या नावातच सापडते. पेरणीपासून खळ्यापर्यंत शेतात राबणारी बाई महसुली दप्तरात खातेदार का नाही, हा प्रश्न दिसतो साधा, पण तो तलाठ्याच्या फेरफाराच्या वहीपासून थेट देवघरापर्यंत जाऊन भिडतो. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’च्या द्वारे पतीकडून पत्नीच्या नावे जमीन करून घेण्याचा उपक्रम चालविला, महाराष्ट्राने १९९४ मध्ये वडिलार्जित मिळकतीत मुलींना समान हिस्सा देणारी दुरुस्ती केली, आणि २००५ मध्ये तोच न्याय केंद्राच्या कायद्याने देशभर लागू झाला. तथापि कायदा झाला म्हणून कागद हलतोच असे नाही. राखी-भाऊबीजेला साडीचोळी घेऊन येणारा भाऊच एके दिवशी हक्कसोडपत्र पुढे करतो, आणि माहेरची वाट बंद होईल या धास्तीने बहीण त्यावर सही करते. कचेरीत यास ‘स्वखुशीने’ असे म्हणतात.

येथे थोडे विषयांतर क्षम्य व्हावे. अमेरिकेतील युटा प्रांतात मॉर्मन पंथाचे लोक मोठ्या संख्येने राहतात, आणि आपल्या पूर्वजांची नावे शोधून जतन करणे हे त्यांच्यात धर्मकर्तव्य समजले जाते. या कामी त्यांच्या वंशावळी-संस्थेने हरिद्वारच्या पंड्यांच्या वंशावळींच्या बह्यांचीही सूक्ष्मचित्रे घेतली. आमच्या बह्यांत बापाचा बाप आणि त्याचा बाप ओळीने उभा आहे; ज्यांनी त्यांना जन्म दिला त्या बायांपाशी येताच शाई बहुधा आटलेली दिसते. त्या पंथातील आया रविवारी मुलांना धर्मपाठ शिकवितात, शेजारच्या आजाऱ्याला जेवण पोहोचवितात, आणि त्याला सेवा मानतात. शैलाबाईंच्या हातून घडली तीही सेवाच होती, परंतु तिचे दैवत निराळे होते. ते सेवा दलाच्या शाखेवर भेटलेले होते, आणि त्याला समता म्हणत.

२४ जुलै २०१३ रोजी अंबाजोगाई येथे त्यांचे निधन झाले. त्यानंतर जवळजवळ अकरा वर्षांनी, १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत आईचे नाव बापाच्या नावाआधी लिहावे, असा महाराष्ट्र शासनाचा नियम अमलात आला. मुलाच्या नावापुढे आई आता चढली. शेताच्या उताऱ्यावर ती अद्याप चढायची आहे. केजच्या तहसील कचेरीत काही कामानिमित्त ज्यांचे जाणे होईल, त्यांनी आपला सातबारा मागून घ्यावा, आणि खातेदाराच्या रकान्यात कोणाकोणाची नावे आहेत, तेवढे एकदा वाचून पाहावे.