पॉवर बँक: खोक्यावरचा आकडा आणि परभणीचं ऊन

गावातला डीपी जळाला की तो बदलून येईपर्यंत अख्ख्या गावाचे फोन मान टाकतात. जिंतूर असो की पालम, ही अडचण नवी नाही. त्यात २०२१पासून ई-पीक पाहणी शेतकऱ्याने स्वतः बांधावर जाऊन मोबाइलवर करायची आहे. जीपीएस चालू, स्क्रीन उन्हात पूर्ण उजेडावर, वर पिकाचे फोटो. बॅटरी बघता बघता उतरते. त्यामुळे पॉवर बँक ही आता गरजेची वस्तू झाली आहे. ती निवडताना मात्र पैसे वाया जातात ते काही पक्क्या गैरसमजांमुळे.

पहिला गैरसमज आकड्याचा. पॉवर बँक १०,००० एमएएचची, फोन ५,०००चा, म्हणजे फोन दोनदा पूर्ण भरेल, असा हिशेब सगळेच करतात. पण तो १०,०००चा आकडा आतल्या सेलचा असतो आणि सेलचा दाब साधारण ३.७ व्होल्ट. गुणाकार केला तर ऊर्जा भरते ३७ वॉट-तास. फोनकडे वीज जाते ५ व्होल्ट किंवा त्याहून जास्त दाबाने. दाब वाढवताना काही वीज उष्णतेत जाते, फोन चार्ज होताना आणखी थोडी जाते. हातात उरतं ते सव्वा ते दीड वेळा चार्जिंग. यात फसवणूक नाही. चांगल्या कंपन्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात ‘रेटेड कपॅसिटी’ छापतात, बहुधा ५,५०० ते ६,५००च्या आसपास. दुकानात तोच आकडा वाचावा. तो छापलेलाच नसेल तर वस्तू परत ठेवावी.

आठवडी बाजारात तीनशे रुपयांत ५०,००० एमएएच मिळत असेल, तर तो आकडा खोटा आहे. हाताला जड लागते म्हणून ती खरी, हेही चूक. वजन वाढवायला आत काहीही भरता येतं. भारतात पॉवर बँकेला बीआयएसची नोंदणी सक्तीची आहे. मागे ‘आर’ने सुरू होणारा क्रमांक शोधावा आणि तो ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये तिथेच तपासावा.

आपल्याकडे सर्वांत जास्त भुरळ पडते ती सोलर पॉवर बँकेची. ऊन फुकट आहे, मग वीज कशाला? पण तळहाताएवढं पॅनल कडक उन्हातही एक-दीड वॉटच्या आसपासच वीज देतं. ३७ वॉट-तास भरायला रोज सहा तास चांगलं ऊन धरलं तरी चार ते सहा दिवस, आणि वाया जाणारी वीज वेगळीच. शिवाय लिथियम सेलला उष्णता सोसत नाही. साधारण ४५ अंशांच्या वर तो चार्ज करूच नये, असं सेल बनवणारे सांगतात. मे महिन्यात परभणीचा पारा सावलीतच ४२-४३वर जातो; उन्हात ठेवलेली काळी डबी त्याच्या कितीतरी पुढे. म्हणजे ज्या उन्हाने ती भरायची, तेच ऊन तिचं आयुष्य खातं. मोटारसायकलच्या डिकीत किंवा उभ्या गाडीत पॉवर बँक ठेवणंही त्याच कारणाने धोक्याचं.

जास्त वॉटची पॉवर बँक फोन जाळते, ही भीती निराधार आहे. फोन स्वतःला झेपेल तेवढीच वीज ओढतो. उलटी निराशा मात्र खरी: ज्या फोनला कंपनीचं स्वतःचं ६७ वॉटचं चार्जिंग आहे, तो दुसऱ्या पॉवर बँकेवर बहुतेकदा १८-२० वॉटवरच चालतो. टाइप-सी आणि ‘पीडी’ (पॉवर डिलिव्हरी) असलेली घेतली की बहुतेकांचं भागतं. पूर्ण उतरवूनच भरायची सवय जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळची. लिथियमला त्याने नुकसानच होतं. वापरात नसेल तेव्हा अर्धी भरून थंड जागी ठेवावी.

साधा कीपॅड फोन किंवा इअरबड लावल्यावर पॉवर बँक थोड्या वेळात आपोआप बंद पडते. ती बिघडलेली नसते. ओढली जाणारी वीज फार कमी असल्याने तिला काहीच जोडलेलं नाही असं वाटतं. घरातल्या आजीच्या फोनसाठी घेत असाल, तर ‘लो करंट मोड’ आहे का, हे आधी विचारा.

आणि फुगलेली पॉवर बँक दाबून सपाट करू नका, टोचू नका, घंटागाडीत टाकू नका. २०२२च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकाची आहे. दुकानदाराकडे किंवा ई-कचरा केंद्रात द्या. तोवर ती घरात न ठेवता, पेटण्यासारखं काही जवळ नसेल अशा मोकळ्या, सावलीच्या जागी ठेवा.