जेंटामायसिनचा झोन 16 मिमी आला, आता काय?

मित्रांनो, संशोधनासाठी रुग्णालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळेत जाणार असाल, तर मशीनच्या आधी हात तयार करा. सोलापूरचं डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असो की मुंबईतलं मोठं रुग्णालय, डिस्क डिफ्यूजनचे नियम तेच.

समजा, ई. कोलाय एटीसीसी 25922 या प्रमाण जिवाणूवर जेंटामायसिनचा (10 मायक्रोग्रॅम) झोन 19 ते 26 मिमी यायला हवा आणि आला 16. लगेच जिवाणूला दोष देऊ नका, आधी पद्धत तपासा. म्युलर-हिंटन अगर 4 मिमीपेक्षा जाड ओतला, सस्पेन्शन 0.5 मॅकफारलँडपेक्षा गढूळ झालं किंवा अगरचा पीएच 7.2 च्या खाली घसरला, की झोन आकसतो.

मग रुग्णाचा संवेदनशील जिवाणूही 'रेझिस्टंट' दिसतो. डॉक्टर विनाकारण वरचं औषध लिहितात, आणि तुमच्या प्रबंधातला प्रतिरोधाचा टक्का फुगतो तो वेगळाच.

म्हणून प्रशिक्षणात नुसती लेक्चरं ऐकू नका. एकच प्लेट दोघांनी वेगवेगळी मोजा, फरक वहीत लिहा. क्यूसी चुकला तर त्या औषधाचे रिपोर्ट थांबवा, कारण शोधा, टेस्ट पुन्हा लावा. आयएसओ 15189 सुद्धा हेच मागतं: नुसतं प्रमाणपत्र नको, कौशल्य तपासल्याची नोंद दाखवा.