शाळेपुढील हिरवळ : बी पेरावे की काशा लावाव्यात?

वैशाखात कुळवाची पाळी देऊन झाली म्हणजे घरची माणसे शेतातून हरळीच्या काशा वेचतात, बांधावर ढीग घालतात आणि वाळल्यावर पेटवून देतात. शेतात जी हरळी पिकाची वैरीण, तीच शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या अंगणात हवीशी होते. पायाखाली तुडवले जाऊनही टिकणारे, कापले की अधिक दाट होणारे आणि पाण्याविना पिवळे पडले तरी पहिल्या पावसाबरोबर पुन्हा फुटणारे असे दुसरे गवत आपल्याकडे सहजासहजी मिळत नाही.

हिरवळ करण्याच्या रीती चार आहेत. त्यांतील कोणती पत्करावी हे ठरविण्यापूर्वी पाण्याचा हिशेब मांडणे इष्ट होय. एका गुंठ्याचे क्षेत्र सुमारे १०१ चौरस मीटर असते. उन्हाळ्यात हिरवी ठेवावयाच्या गवतास दिवसाला ५ मिलिमीटर पाणी धरले, तरी एका गुंठ्यास रोज सुमारे ५०० लिटर पाणी लागते. ज्या गावात चैत्रापासून टँकरची वाट पाहावी लागते, तेथे हे पाणी गवतावर ओतणे कोणासही रुचणार नाही व ते योग्यही नाही. अशा गावाने दोन गुंठ्यांवर समाधान मानावे आणि उन्हाळ्यात हिरवळ पिवळी पडू द्यावी. पिवळी पडली म्हणजे ती मेली असे नव्हे. मात्र यासाठी तिची मुळे पावसाळ्यातच खोल गेलेली असावयास हवीत, आणि येथेच लावणीच्या रीतीचा व वेळेचा प्रश्न येतो.

बी पेरणे ही दिसावयास सर्वांत सोपी रीत. गुंठ्यास २५० ते ३०० ग्रॅम बी पुरते. बी फार बारीक असल्याने ते दुप्पट वाळूत मिसळून अर्धे उभे व अर्धे आडवे फेकावे, वर चाळलेल्या मातीचा पातळ थर द्यावा आणि झारीने पाणी द्यावे. उगवण होण्यास दोन ते तीन आठवडे लागतात. या मुदतीत एक जोराची सर आली की बी वाहून सखल कोपऱ्यात जमा होते. मग कोपऱ्यात गवताची गादी व मधे उघडी माती असे चित्र दिसते. शिवाय काही सुधारित संकरित हरळीस बीच धरत नाही, त्यांची लागण तुकड्यांनीच करावी लागते. सपाट जागा, हाताशी पाणी आणि रोज लक्ष देणारा माणूस असल्यासच बियाण्याच्या वाटेस जावे.

गवताच्या मातीसकट काढलेल्या चौकोनी लाद्या बसविल्या तर त्याच दिवशी अंगण हिरवे दिसते. पाहुणे यावयाचे असले म्हणजे गावकऱ्यांना हीच रीत आवडते. परंतु ती सर्वांत खर्चाची आहे. लादीबरोबर कोणाच्या तरी शेताची वरची सुपीक माती निघून येते, आणि तीतून लव्हाळ्याच्या गाठीही येतात. उताराची जागा किंवा पायऱ्यांलगतचा अरुंद पट्टा एवढ्यापुरत्याच लाद्या वापराव्यात.

तिसऱ्या रीतीत हरळीचे ५ ते ७ सेंटिमीटरचे तुकडे करून माती, ताजे शेण व पाणी यांच्या काल्यात मिसळतात, तो काला ओल्या जमिनीवर सुमारे अडीच सेंटिमीटर जाडीने पसरतात आणि वर बारीक माती टाकतात. मोठ्या जागेवर काम झपाट्याने उरकते. पण थर एकदा सुकला की तुकडे मरतात.

बहुतेक गावांना सोयीची ठरते ती चौथी रीत, म्हणजे काशांची लावणी. बांधावर जाळावयाचा तो ढीगच येथे बियाणे होतो. मात्र वाळलेल्या काशा न घेता पावसाने नुकत्याच फुटलेल्या, मुळ्या धरलेल्या घ्याव्यात. प्रत्येक तुकड्यास दोन-तीन पेरी असावीत. लव्हाळा असलेल्या शेतातील काशा मुळीच आणू नयेत. ओल्या जमिनीत ७ ते १० सेंटिमीटर अंतरावर पेरे मातीत व शेंडा बाहेर राहील असे लावून पायाने दाबावे. मृगाचा पाऊस पुरेसा झाल्यावर लागण केली तर पुढील तीन महिने वरचे पाणी मिळते. गवत दाट होण्यास तीन ते चार महिने लागतात, एवढाच तिचा दोष. तोवर मुलांना खेळण्यास जागा हवी. म्हणून अर्धे अंगण यंदा व अर्धे पुढील पावसाळ्यात घ्यावे.

रीत कोणतीही असो, मशागतीत कसूर झाली तर श्रम वाया जातात. उन्हाळ्यात जमीन २५ ते ३० सेंटिमीटर खणून तापू द्यावी. गुंठ्यास साधारण एक बैलगाडी, म्हणजे सुमारे ५०० किलो शेणखत घालावे. ते पूर्ण कुजलेले असावे, कारण कच्च्या खतातून तणाचे बी येते. इमारतीपासून बाहेर हलका उतार ठेवावा, विशेषतः काळ्या जमिनीत. पाणी तुंबल्यास हरळी सडते. पहिल्या पावसाने लव्हाळा उगवला की तो गाठीसकट उपटावा. आठवडाभराने तो पुन्हा डोके काढतो, तेव्हा पुन्हा उपटावा. येथे घाई करणाऱ्यास पुढे खुरपे घेऊन गवतातच बसावे लागते. लिंबाच्या दाट सावलीत हरळी धरत नाही. तेथे मुरूम टाकून मोकळे व्हावे.

गवत बोटभर वाढले की विळ्याने फक्त वरचा तिसरा हिस्सा कापावा. कापलेले गवत जनावरांना चालते.

राहिला शेजारच्या शेतकऱ्याचा प्रश्न. त्याने कष्टाने काढलेली हरळी शाळेच्या कुंपणाखालून परत त्याच्या शेतात शिरली, तर त्याचा राग रास्तच म्हणावा लागेल. हिरवळीच्या कडेने वीतभर खोल चर ठेवावा, आणि पावसाळ्यात दर पंधरवड्यास कुदळीने चरात आलेल्या काशा तोडून टाकाव्यात.