जुन्या बीटलला ऑइल फिल्टर का बसवतात?

फोक्सवॅगनच्या जुन्या बीटलच्या एअर-कूल्ड इंजिनात सुमारे 2.5 लिटर ऑइल असतं, पण ते गाळायला फक्त तारेची जाळी! मोठा कचरा तिच्यात अडकतो. धातूचा बारीक कीस मात्र ऑइलबरोबर फिरत बेअरिंग झिजवतो.

यावर उपाय म्हणजे फुल-फ्लो फिल्टर. पंपातून निघालेलं ऑइल पाइपने बाहेरच्या फिल्टरमध्ये जातं आणि गाळून झाल्यावरच बेअरिंगकडे पोहोचतं. त्यासाठी पंपाचा जुना मार्ग बंद करून इंजिनच्या मुख्य ऑइल गॅलरीला ड्रिलने छिद्र पाडतात आणि त्यात आटे पाडतात.

खरी मेख इथेच आहे. हे काम इंजिन पूर्ण खोलूनच करायचं. नाहीतर ड्रिलचा कीस गॅलरीत राहतो आणि ज्या बेअरिंगसाठी हा खटाटोप, त्यांचीच वाट लागते.