मनाचे व्यवहार – लेखांक सातवा : अकारण उदासी आणि तिची मुदत

मागील लेखांकात चिंतेचा विचार करताना आपण असे पाहिले, की चिंता कितीही जाचक असली तरी तिला एक विषय असतो. मुलीची बारावी, इमारतीचा रखडलेला पुनर्विकास, वडिलांच्या डोळ्याचे ऑपरेशन, अशा कशावर तरी बोट ठेवता येते आणि बोट ठेवता आले की उपायाची दिशाही सुचते. आजचा विषय त्याहून निसरडा आहे. घरी सारे क्षेमकुशल असते, कचेरीत कोणी अधिकउणे बोललेले नसते, पगार वेळेवर जमा झालेला असतो. आणि तरीही अंधेरीच्या एमआयडीसीतून संध्याकाळी बाहेर पडताना, किंवा रविवारी दुपारची झोप आटोपून मुलुंडच्या एखाद्या तिसऱ्या मजल्यावरील गॅलरीत उभे राहिले असता, मनावर एकाएकी मळभ दाटून येते. विचारले तर माणूस एवढेच सांगतो : ‘काही नाही गं, असंच’, ‘आज मन लागत नाही’, ‘उगाच कसंतरी होतंय’. चार-सहा तासांनी, फार तर दुसऱ्या दिवशी सकाळी, ते मळभ आपोआप विरलेले असते. हा आजार नव्हे म्हणून डॉक्टरांपुढे त्याची कैफियत मांडली जात नाही, आणि हे रूढ अर्थाने दुःखही नव्हे म्हणून कोणी सांत्वनास येत नाही. परिणामी ज्याला त्याला आपल्या मगदुराप्रमाणे त्याचा बंदोबस्त करावा लागतो, आणि पुष्कळदा तो बंदोबस्तच मूळच्या उदासीहून अधिक जाचक ठरतो. म्हणूनच या विषयाला एक संपूर्ण लेखांक देणे मला अगत्याचे वाटले.

हा अनुभव आधुनिक नगरजीवनाची उपज आहे असा एक समज आहे. तो खरा नाही. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात भावांची जी व्यवस्था लावली तीत आठ स्थायी भावांहून निराळे असे तेहतीस व्यभिचारी, म्हणजेच संचारी भाव सांगितले आहेत. शोक हा स्थायी भावांत बसतो. परंतु निर्वेद, ग्लानी, चिंता, दैन्य, विषाद यांची गणना संचारी भावांत होते. हे भाव मनात येतात, थोडा काळ वावरतात आणि निघून जातात. दुःखाच्या दोन जाती असून त्यांना एकच वागणूक देऊन चालत नाही, एवढा विवेक त्या प्राचीन वर्गीकरणात स्पष्ट दिसतो.

याहून मार्मिक दाखला ‘शाकुंतला’च्या पाचव्या अंकाच्या आरंभी आहे. हंसपदिका या राणीचे गाणे आतून ऐकू येते आणि दुष्यंत राजा एकाएकी अस्वस्थ होतो. कोणत्याही प्रिय व्यक्तीचा विरह आपल्याला नसताना ही हुरहूर कसली, असा प्रश्न त्याला पडतो, आणि पूर्वजन्मीचा एखादा स्नेहबंध नकळत आठवत असावा असा तर्क तो करतो. प्रेक्षकाला मात्र चौथ्या अंकातील दुर्वासांचा शाप ठाऊक असतो. राजाची स्मृती हरपलेली आहे आणि शकुंतला त्याच्याकडे येण्यास निघालेली आहे, हे तो जाणतो. कालिदासाने येथे जे सुचवले आहे ते मानसशास्त्राच्या कोणत्याही ग्रंथात शोभावे असे आहे : उदासीला कारण असते, परंतु ज्याला ती झाली आहे त्याच्या दृष्टीपुढे ते असतेच असे नाही. दुष्यंताने रात्रभर जागून शोध घेतला असता तरी ते कारण त्याच्या हाती लागले नसते. तो तसा शोध घेत बसतही नाही. कण्वांच्या आश्रमातून तपस्वी आल्याची वर्दी कंचुकी देतो आणि राजा त्यांच्या सत्काराच्या नित्य कर्तव्यास लागतो. मुलुंडच्या नाट्यगृहाला या महाकवीचे नाव आहे. तेथे नाटकाला जाणाऱ्या प्रेक्षकाने हा प्रसंग एकदा मुळातून वाचावा अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

मराठीत याच अनुभवाचा सर्वांत प्रांजळ साक्षीदार म्हणजे बालकवी ठोंबरे. 1890 साली जन्मलेला आणि 1918 साली, ऐन सत्ताविशीत, रेल्वेखाली सापडून निवर्तलेला हा कवी सृष्टीतील आनंदाचा गायक म्हणून शाळकरी मुलांनाही परिचित आहे. परंतु हृदयाला ही उदासीनता कोठून येते ते कळत नाही, हाच विषय घेऊन त्यांनी लिहिलेली कविताही तितकीच थोर आहे. ज्याला निर्झर आणि फुलराणी दिसते त्यालाच ही खिन्नताही ग्रासते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. अकारण उदास होणारा माणूस दुबळा किंवा कृतघ्न असतो, हा समज त्यामुळे तरी दूर व्हावा.

उदासीचा ओढा तिन्हीसांजेकडे अधिक असतो हे आपल्या वाडवडिलांनी ओळखले होते. मारवा हा सूर्यास्ताच्या वेळचा राग. त्यात पंचम वर्ज्य असतो आणि षड्जावरही गायक फारसा विसावत नाही, त्यामुळे ऐकणाऱ्याला टेकायला जागाच न मिळाल्याची जी तगमग जाणवते, ती त्या प्रहराची स्वतःची तगमग आहे. घराघरांतून या प्रहरासाठी नेमलेली कामे पाहा : देवापाशी दिवा लावायचा, तुळशीपुढे निरांजन ठेवायचे, मुलांनी हातपाय धुऊन शुभंकरोति म्हणायचे, मोठ्याने पाढे म्हणायचे, आणि या वेळी कोणी निजायचे नाही, रडायचे नाही. या विधिनिषेधांची संभावना अंधश्रद्धा म्हणून करणे सोपे आहे. मला मात्र त्यांत मोठे शहाणपण दिसते. ज्या घटकेला मन सैल पडते, त्याच घटकेला हाताला काम, कंठाला आवाज आणि भोवती माणसे मिळतील अशी ती तजवीज होती. त्या मनाला ‘तुला काय झाले?’ असे कोणी विचारीत नसे, कारण विचारण्याची गरज पडत नसे.

उपनगरांच्या वाढीबरोबर ही तजवीज विस्कटली. अंधेरी आणि घाटकोपर 1950 साली बृहन्मुंबईत आली, बोरिवली आणि मुलुंड 1957 साली. गिरगाव-दादरच्या चाळींतून पुढे कित्येक कुटुंबे ऐसपैस ब्लॉकच्या ओढीने इकडे आली, आणि चाळीच्या सामायिक गॅलरीऐवजी त्यांच्या वाट्याला बंद होणारे दार आले. 2011 च्या खानेसुमारीत उपनगर जिल्ह्याची लोकसंख्या 93 लाखांवर गेली होती. यांतील कित्येकांची सांज दिव्यापाशी नव्हे तर गाडीत जाते. हिवाळ्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो तेव्हा ते घाटकोपरच्या पुलावर मेट्रोच्या रांगेत असतात, नाहीतर दादरला फलाटावर बोरिवली लोकलची वाट पाहत असतात. घरी उरतात ती एखादी आजी, किंवा नव्याने लग्न होऊन आलेली आणि अजून शेजार न जुळलेली सून. जुलै-ऑगस्टात आठवडा आठवडा सूर्यदर्शन होत नाही, दिवसाही ट्यूबलाइट लावावी लागते, तेव्हा तर तिन्हीसांज दुपारी दोनलाच सुरू झाल्यासारखी वाटते.

आता कारणांविषयी शास्त्र काय सांगते ते थोडक्यात पाहू. अपुरी झोप, लांबलेले जेवण, उजेडाचा अभाव, तापानंतरचा अशक्तपणा, मासिक पाळीपूर्वीचे दिवस, ही सारी मनाला खाली ओढतात. बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठवड्यात अनेक स्त्रियांना उगाच रडू येते, आणि ते बहुधा दोन आठवड्यांत थांबते. घरच्यांना एवढे ठाऊक असते तर कितीतरी ओल्या बाळंतिणींची बोलणी वाचली असती. सुटीच्या दिवशी येणाऱ्या खिन्नतेचे वर्णन सांडोर फेरेन्झी या हंगेरियन मनोविश्लेषकाने 1919 सालीच करून ठेवले आहे. रॉबर्ट थेयर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने नित्याच्या मनःस्थितींचा दीर्घ अभ्यास करून असे मांडले, की त्यांचे मूळ बरेचसे शरीराच्या उत्साहाच्या चढउतारात असते. उत्साह ओसरलेला आणि ताण वाढलेला असला म्हणजे जी अडचण सकाळी किरकोळ वाटली तीच संध्याकाळी डोंगराएवढी वाटू लागते. दुर्वासांच्या शापाची जागा येथे शरीराने घेतली आहे. कारण आहे, परंतु ते मनाच्या आत धुंडाळून सापडणारे नाही.

आणि आपण नेमके तेच करतो. पोलिसाने संशयिताला कोठडीत घेऊन जबानी काढावी तसे आपण स्वतःला कोपऱ्यात घेतो : मला काय होते आहे, मलाच का होते, माझे काही चुकले का? अशा तपासात मनाला काहीतरी कबूल करणे भाग पडते, आणि मग दहा वर्षांपूर्वीचा अपमान, भावाशी झालेली बोलाचाली, न मिळालेली बढती, यांपैकी जे हाती लागेल ते आजच्या उदासीचे कारण म्हणून रुजू होते. कोळसा उगाळावा तितका काळा, असे आपली भाषा म्हणते. सुझन नोलेन-होक्सेमा या अभ्यासिकेने 1990 च्या सुमारास सुरू केलेल्या संशोधनातून हेच दिसले, की खिन्नतेत त्याच त्या विचारांचे रवंथ करणाऱ्यांची खिन्नता अधिक लांबते आणि गहिरी होते. अल्बर्ट एलिस यांनी, ज्यांची विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती कि. मो. फडके यांनी मराठी वाचकांपर्यंत आणली, आणखी एक पायरी दाखवून दिली : माणूस उदास होतो आणि मग आपण उदास झालो याबद्दल पुन्हा उदास होतो. पहिली उदासी काही तासांची असते. दुसरी आपण स्वतः निर्माण करतो, आणि तिला मुदत नसते.

माझे म्हणणे एवढेच, की या उदासीला सबब विचारू नये, मुदत विचारावी. ती किती वेळ राहते याकडे लक्ष ठेवावे, आणि तेवढा वेळ हात व पाय कामात ठेवावेत.

हे ज्यांना उपजत कळले आहे अशा स्त्रिया बोरिवली लोकलच्या बायकांच्या डब्यात रोज दिसतात. मांडीवर पिशवी पसरून त्या मेथी निवडत असतात. डाव्या हातात जुडी, उजव्या हाताच्या अंगठ्याने आणि तर्जनीने पान खुडायचे, काडी एका पिशवीत, पाने दुसऱ्या पिशवीत, आणि गाडी गोरेगाव सोडते न सोडते तोच समोरची अनोळखी बाई ‘द्या इकडे अर्धी’ म्हणत, कोणी न सांगताच, निम्मी जुडी आपल्याकडे ओढून घेते. बोलणे भाजीच्या भावाचे आणि मुलांच्या क्लासचे. या बायकांच्या मनावर काय साचले आहे हे कोणी कोणाला विचारीत नाही; उतरण्याच्या वेळेपर्यंत मात्र चेहरा पुष्कळ निवळलेला असतो. पुरुषांच्या डब्यांत टाळ वाजवून भजने म्हणणारी मंडळी असतात, त्यांचेही गमक हेच. तिन्हीसांजेची जुनी तजवीज, म्हणजे हाताला काम, कंठाला आवाज आणि भोवती माणसे, या लोकांनी सेकंड क्लासात पुन्हा उभी केली आहे, आणि याबद्दल त्यांच्याविषयी मला अतीव आदर वाटतो.

चालण्याचे सामर्थ्यही कमी लेखू नये. थेयर यांनी 1987 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दहा मिनिटांच्या झपझप चालण्याची तुलना गोड खाण्याशी केली होती. चालल्याने उत्साह वाढला आणि तो दोन तासांपर्यंत टिकला. गोडाने प्रथम तरतरी आली, परंतु तासाभरात थकवा आणि ताण वाढला. तेव्हा उदास वाटले की स्टेशनबाहेर जिलेबी घेण्याऐवजी एक बसथांबा पायी जावे, हा सल्ला साधा असला तरी प्रयोगाने सिद्ध झालेला आहे. रात्री अंथरुणात मोबाइलवर दुसऱ्यांच्या सहलींची छायाचित्रे पाहत पडणे, किंवा ‘जरा बरं वाटेल’ म्हणून पेला भरणे, यांविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही. दोहोंनी झोप मोडते आणि दुसऱ्या दिवशीच्या उदासीची सोय होते. अनुभवाला एका शब्दात नाव देणे मात्र उपयोगी पडते. मॅथ्यू लिबरमन आणि सहकाऱ्यांनी 2007 साली दाखवले, की चित्रातील चेहऱ्यावरच्या भावनेला शब्द देताना मेंदूतील भयाशी निगडित केंद्राची खळबळ कमी होते. ‘आज उदास वाटतंय’ एवढे म्हणून थांबावे. ‘कारण’ या शब्दाने पुढचे वाक्य सुरू करू नये.

घरातील इतरांसाठी एक विनंती. ‘तुला काय कमी आहे?’ हे वाक्य आपल्या घरांतून हद्दपार व्हावे असे मला मनापासून वाटते. उदास माणसाला आपल्याला काही कमी नाही हे ठाऊक असते आणि त्याचीच त्याला अधिक लाज वाटत असते. न विचारता चहाचा कप पुढे ठेवावा, आणि ‘चल, खालून दूध घेऊन येऊ’ म्हणावे. तेवढ्याने पुष्कळ होते.

परंतु मुदतीचा हिशेब काटेकोर ठेवावा, कारण सारी भिस्त त्यावर आहे. खिन्नता जवळजवळ रोज, दिवसाचा बराचसा वेळ, दोन आठवडे टिकली, झोप आणि भूक बिघडली, आवडीच्या गोष्टींतील गोडी गेली, आपण निरुपयोगी आहोत असे वाटू लागले, तर ती संचारी उदासी राहिली नाही, तो विकार आहे आणि त्याला औषधोपचार आहे. थायरॉइडच्या बिघाडानेही असे होऊ शकते, ते रक्ताच्या तपासणीत कळते. आणि जगणे नकोसे झाल्याचा विचार एकदाही मनात आला, तर दोन आठवडे थांबू नये. त्याच दिवशी घरच्यांना सांगावे. पश्चिम उपनगरांतील रहिवाशांना कूपर रुग्णालयाचा, आणि मुलुंड-घाटकोपरकडील रहिवाशांना शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयाचा मानसोपचार विभाग आहे. ठाण्याला 1990 पासून डॉ. आनंद नाडकर्णी यांची आयपीएच ही संस्था आहे. ज्याला घराबाहेर पडणेही जड वाटते त्याने फोन उचलावा. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही मोफत सेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. क्रमांक 14416, रात्रंदिवस चालू, आणि पलीकडून मराठीत बोलणारे माणूस मिळते.