नव्या खेळाची दोन तासांची परीक्षा

छत्रपती संभाजीनगर, प्रतिनिधी

नवे पुस्तक दुकानात उभ्या उभ्या चाळता येते, नव्या चित्रपटाची झलक दोन मिनिटांत पाहता येते. 'टेबलटॉप रोलप्लेइंग गेम' या प्रकारातील नवा खेळ मात्र खेळल्यावाचून कळत नाही. खोक्यात असते ते एक नियमपुस्तक, काही कोरी पत्रके आणि फासे. खरा खेळ घडतो तो चार-पाच जणांच्या संवादातून. त्यामुळे खेळांच्या संमेलनात असा नवा खेळ घेऊन येणाऱ्यास अनोळखी माणसांना टेबलाभोवती बसवून प्रत्यक्ष डाव खेळवून दाखवावा लागतो. यालाच 'डेमो' किंवा नमुना डाव म्हणतात. त्यासाठी बहुधा दोन तास मिळतात. मोठ्या कंपनीच्या खेळामागे जाहिरातीचे बळ असते. स्वतःच्या खिशातून पुस्तक छापणाऱ्या छोट्या निर्मात्याची सारी भिस्त मात्र या दोन तासांवर असते.

सूत्रधार आणि पात्रे

या खेळात प्रत्येक खेळाडू एका पात्राची भूमिका घेतो. पात्राचे गुण, कौशल्ये आणि उणिवा एका पत्रकावर लिहिलेल्या असतात. एकजण 'गेम मास्टर', म्हणजे सूत्रधार होतो. तो प्रसंग उभा करतो आणि विचारतो, ''आता तुम्ही काय करता?'' खेळाडू आपल्या पात्राची कृती सांगतो. तिचे फळ अनिश्चित असेल तर फासा टाकला जातो आणि जे पडेल त्यानुसार कथा पुढे सरकते. येथे सोंगट्यांचा पट नसला तरी चालते आणि बहुतेक वेळा कोणी एक विजेता ठरत नाही.

मराठी प्रेक्षकाला ही कल्पना अगदीच परकी वाटू नये. कोकणातील दशावतारी नाटकात कथानक आधी ठरते, पण लिखित संहिता नसते; संवाद नट रंगमंचावर उत्स्फूर्तपणे रचतात. फरक इतकाच, की या खेळात प्रेक्षकच नट असतात आणि कथेचा शेवट सूत्रधारालाही ठाऊक नसतो.

नमुना डावातूनच पाया

विशेष म्हणजे या खेळप्रकाराचा पायाच एका नमुना डावाने घातला गेला. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात डेव्ह आर्नेसन हे 'ब्लॅकमूर' नावाचा कल्पित मुलूख रचून मित्रांना त्यात खेळवीत असत. १९७२ च्या अखेरीस ते डेव्हिड मेगॅरी यांच्यासह विस्कॉन्सिनमधील लेक जिनिव्हा येथे गॅरी गायगॅक्स यांच्याकडे गेले आणि हा खेळ त्यांना खेळवून दाखविला. छापील नियमपुस्तक तेव्हा नव्हतेच. तरीही एका बैठकीत गायगॅक्स यांना या कल्पनेचे मोल उमगले आणि ते नियम लिहावयास बसले. त्यातून जानेवारी १९७४ मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' प्रकाशित झाला. पहिल्या आवृत्तीच्या अवघ्या एक हजार प्रती होत्या.

गायगॅक्स यांनीच १९६८ मध्ये लेक जिनिव्हा येथे सुरू केलेले 'जेन कॉन' हे संमेलन २००३ पासून इंडियानापोलिस शहरात भरते. नवे खेळ लोकांपुढे आणण्याची ती एक प्रमुख जागा ठरली आहे. २००७ पासून 'फ्री आरपीजी डे' हा उपक्रमही सुरू झाला. त्यात दुकानांमधून नव्या खेळांच्या संक्षिप्त पुस्तिका मोफत दिल्या जातात. भारतात २०११ मध्ये दिल्लीत पहिले 'कॉमिक कॉन' भरले आणि पुढे मुंबईकरांनाही त्याची ओळख झाली.

आधी प्रसंग, मग नियम

नमुना डाव फसतो तो बहुधा पहिल्या वीस मिनिटांतच. निर्मात्याला आपल्या नियमांचा अभिमान असतो, म्हणून तो नियम समजावीत बसतो. समोरच्या चौघांना त्यातले काहीच वापरायचे नसल्याने ते लक्षातही राहत नाही. यावर उपाय एकच : खेळाडूच्या हाती शक्य तितक्या लवकर एक खरा निर्णय द्यावा आणि ज्या क्षणी गरज पडेल त्याच क्षणी तेवढाच नियम सांगावा.

आपल्या शेजारचेच उदाहरण घेऊ. समजा, डावाची कथा देवगिरी किल्ल्यावर घडते. किल्ल्याचा इतिहास, राजवटी, पात्रांची घराणी हे सारे सांगत बसण्याऐवजी सूत्रधार थेट म्हणतो, ''तुम्ही चौघे अंधारीत आहात. मागे खंदकापाशी पहारेकऱ्यांच्या मशाली दिसताहेत. पुढे वाट दोन दिशांना फुटते. एका बाजूने गार वाऱ्याची झुळूक येते आहे, दुसऱ्या बाजूने कोणाचे तरी कण्हणे ऐकू येते. काय करता?'' या चार-पाच वाक्यांत जागा आहे, धोका आहे आणि निवडही आहे. एखादी खेळाडू म्हणते, ''मी कान देऊन ऐकते.'' आता फासा टाकायचा. आता पत्रकावरचा 'सावधपणा' हा आकडा दाखवायचा. नियम आपसूक समजतो, कारण त्याची गरज तिला पडलेली असते.

त्यासाठी पात्रे आधीच तयार ठेवावी लागतात. नेहमीच्या खेळात पात्र घडविण्यातच तास-दीड तास जाऊ शकतो. नमुना डावात तेवढी सवड नसते. प्रत्येक पत्रकावर पात्राचे नाव, दोन-तीन ठळक कौशल्ये, एक उणीव आणि सोबत्यांपैकी एकाशी असलेले नाते एवढे पुरते. हे नाते महत्त्वाचे, कारण त्यामुळेच अनोळखी माणसे एकमेकांशी बोलू लागतात.

फाशांचे गणित

दोन तासांत एका खेळाडूच्या वाट्याला मोजकेच फासे येतात. समजा, तीनदा फासा टाकण्याची संधी मिळाली. वीस बाजूंच्या फाशावर १५ किंवा अधिक पडले तरच यश, असे ठरविले तर प्रत्येक वेळी यशाची शक्यता ३० टक्के राहते आणि तिन्ही वेळा अपयश येण्याची शक्यता सुमारे ३४ टक्के. म्हणजे दर तिघांतील एकजण एकदाही यशस्वी न होता घरी जाणार. तीच अट ८ वर आणली तर एकदाही यश न मिळण्याची शक्यता जेमतेम ४ टक्क्यांवर येते. महिनोन्महिने चालणाऱ्या खेळात अपयशाची भरपाई पुढे होते. नमुना डावात 'पुढे' नसते.

काही खेळांनी यावर नियमांतच तोड काढली आहे. २०१० मध्ये आलेल्या 'अपोकॅलिप्स वर्ल्ड' या खेळात सहा बाजूंचे दोन फासे टाकतात. १० किंवा अधिक आल्यास पूर्ण यश, ७ ते ९ आल्यास काहीतरी किंमत मोजून यश आणि ६ किंवा कमी आल्यास संकट. पात्राच्या गुणांची भर न घालता पाहिले तर ३६ शक्यतांपैकी अनुक्रमे ६, १५ आणि १५ या तीन प्रकारांत मोडतात. कोणताही आकडा पडला तरी कथेत काहीतरी घडते, हा या रचनेचा गुण.

भाषा आणि भोवतीचे बघे

नियमपुस्तके बहुतांशी इंग्रजीत असतात. आपल्या शहरात मात्र एकाच टेबलावर मराठी, हिंदी, दखनी आणि इंग्रजी बोलणारे शेजारी शेजारी बसू शकतात. अशा वेळी सूत्रधाराने पारिभाषिक शब्द पाठ करून न दाखवता त्यामागची कृती साध्या बोलीत सांगावी. इंग्रजी सफाईने न बोलणारा खेळाडू गप्प राहिला, तर तो खेळाला कंटाळला असा ग्रह होतो. वस्तुतः तो शब्दाला अडलेला असतो. ''तुमच्या भाषेत सांगा'' हे सुरुवातीचे एक वाक्य पुष्कळ काम करून जाते.

वेरूळच्या २१ व्या आणि २९ व्या लेण्यांत शिव-पार्वती सारीपाट खेळतानाचे शिल्पपट आहेत. तेथेही खेळणारे एकटे नाहीत. त्यांच्याभोवती परिवार आणि गण आहेतच. संमेलनातील टेबलाभोवतीही असेच बघे जमतात आणि पुढच्या डावाचे खेळाडू त्यांच्यातूनच मिळतात. म्हणून एखाद्या सहकाऱ्याने बाजूला उभे राहून, काय चालले आहे ते त्यांना हळू आवाजात सांगावे. सूत्रधाराने मात्र आपले लक्ष बसलेल्यांवरच ठेवावे.

अनोळखी माणसांत कोणाला कोणता विषय बोचेल, हे आधी कळत नाही. त्यासाठी जॉन स्टाव्ह्रोपुलोस यांनी सुचविलेले 'एक्स-कार्ड' अनेक ठिकाणी वापरले जाते. टेबलाच्या मध्यभागी फुली काढलेले एक कार्ड ठेवतात. कोणीही त्याला हात लावला, की तो प्रसंग कारण न विचारता बदलला जातो.

ओळख की चाचणी?

नमुना डाव आणि चाचणी डाव यांत गल्लत होता कामा नये. चाचणीत खेळातील दोष शोधायचे असतात, तेथे मोडतोड अपेक्षितच असते. नमुना डावात तयार झालेल्या खेळाची ओळख करून द्यायची असते. पण ओळख खरी हवी. मूळ खेळ संथ आणि डावपेचांचा असताना नमुना डावात केवळ हाणामारी रंगविली, तर पुस्तक विकत घेणारा घरी गेल्यावर निराश होतो आणि चार मित्रांना तसे सांगतो. निष्णात सूत्रधार कोणत्याही सुमार खेळात रंग भरू शकतो, हाही एक धोकाच. सूत्रधाराच्या कौशल्यावाचूनही हा खेळ घरी उभा राहील काय, या प्रश्नाचे उत्तर खेळाडूला त्या टेबलावरच मिळाले पाहिजे. आर्नेसन यांच्या डावानंतर गायगॅक्स नियम लिहावयास बसले, कारण तो खेळ स्वतः चालवून पाहावा असे त्यांना वाटले. समोरच्या चौघांपैकी एकाला जरी तसे वाटले, तरी दोन तास सत्कारणी लागले.

चौकट : दोन तासांची आखणी

- पहिली १० मिनिटे : परस्परांची ओळख, खेळाची दोन वाक्यांत कल्पना, एक्स-कार्डची माहिती.
- पुढील १० मिनिटे : तयार पात्रांची निवड.
- ७५ मिनिटे : प्रत्यक्ष डाव. तीन प्रसंग पुरेत. वेळ कमी पडल्यास मधला गाळावा, शेवटचा नव्हे.
- १० मिनिटे : प्रश्नोत्तरे आणि अभिप्राय. पुस्तकाची किंमत विचारल्यावरच सांगावी.
- उरलेली १५ मिनिटे : उशिरा येणारे, गोंगाट आणि पुढच्या डावाची मांडामांड यांसाठी राखीव.
- सोबत हवे : फाशांचे जादा संच, पेन्सिली, पत्रकांच्या प्रती, पाण्याची बाटली. आवाज टिकावा म्हणून दिवसात तीनपेक्षा अधिक डाव एकाच सूत्रधाराने घेऊ नयेत.