जाळे न विणणारा कोळी

हरिहरेश्वर म्हटले की काळभैरवाचे देऊळ, खडकातून समुद्राकडे उतरणारी प्रदक्षिणेची वाट आणि जाळी घेऊन निघालेले कोळी डोळ्यांसमोर येतात. मला मात्र आता आणखी एक कोळी आठवतो. त्याच्यापाशी जाळेच नाही.

गेल्या भाद्रपदात मी तेथे मामांकडे गेलो होतो. भाताच्या पानावर बोटाच्या पेराहून लहान, तपकिरी कोळी दबा धरून बसला होता. पायांवर उभे काटे, पोट मागे निमुळते. पिवळसर पतंग जवळ येताच त्याने मांजरासारखी झेप घेतली. तेवढ्यात मामा फवारणीचा पंप घेऊन आले. "मामा, जरा थांबा ना," मी म्हणालो. "पीक गेले तर तुझा कोळी भरून देणार आहे का?" मामांनी विचारले. मजजवळ उत्तर नव्हते.

ते मी प्राणिशास्त्राच्या सरांकडे शोधले. हा लिंक्स कोळी. लिंक्स म्हणजे लडाखसारख्या थंड मुलखातले रानमांजर. आठ डोळ्यांपैकी सहा षटकोनात मांडलेले. 'ऑक्सिओपिस' या ग्रीक नावाचा अर्थच तीक्ष्ण नजरेचा. रेशीम यालाही येते, पण ते झेपेच्या वेळी आधाराच्या दोरासाठी आणि अंड्यांच्या पिशवीसाठी. त्या पिशवीवर मादी पहारा करते. याच कुळातल्या हिरव्या 'प्युसेटिया विरिडाना'चे वर्णन स्टोलिझ्का यांनी १८६९ साली केले, तर टिकादार यांनी १९७० साली एका जातीला 'श्वेता' हे आपले नाव दिले. भातात आढळणारी प्रमुख जात 'ऑक्सिओपिस जावानस'.

खोडकिड्याची अळी खोड पोखरते आणि लोंबी दाणा न भरताच पांढरी पडते. अळी खोडात शिरली की कोळ्याचा इलाज चालत नाही. पण अंडी घालणारा पतंगच त्याने धरला तर पुढची पिढी टळते. गरज नसता मारलेल्या फवाऱ्याने मात्र किडीबरोबर हा राखणदारही मरतो आणि काही किडी पुन्हा दुप्पट जोमाने वाढतात.

मामांचा प्रश्न खोटा नव्हता. रोग हाताबाहेर गेला तर औषध हवेच. पण आधी पाहायला हवे. मी त्यांना फोनवर एवढेच सांगितले. यंदा मामा पंप बांधावर ठेवून आधी पाने चाळत शेतभर फिरले. कीड थोडी होती, कोळी पुष्कळ होते. पंप तसाच घरी परतला.